दोन विती आणि चार बोटं

वडके काका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते काकूंबरोबर विरजण मागायला. मी वाटीत विरजण काढतेय तोवर त्यांनी ओट्यावरच्या माझ्या कुकरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "बाई, याचं बूड उचललंय. डाळ लागते ना खाली?"

डाळ लागत होती. महिनाभर लागत होती आणि महिनाभर मी नवऱ्याला ऐकवत होते की तुम्ही आणलेली डाळच भिकार आहे. माझी लेक आतून ओरडली, "आई, अंकल इज हिटिंग अवर कुकर!" काकू शांतपणे म्हणाल्या, "काही नाही गं, ते सगळ्यांनाच ठोकतात." आणि विरजण घेऊन दोघं वर निघून गेले.

सगळ्यांनाच ठोकतात हे शब्दशः खरं निघालं. लिफ्टचं दार, मॉलचा कठडा, मेट्रोतला खांब, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं बॉनेट. एकदा एका मोठ्या शोरूममध्ये काकांनी दिवाणखान्यात लावायच्या, सोनेरी मुलामा दिलेल्या दिव्याला ठोकलं आणि विक्रेत्याला हिंदीत सांगितलं, "अंदर लोहा है, भाईसाब." तेव्हापासून काकू त्यांना शोरूममध्ये नेत नाहीत. कुणी विचारलं की हा काय चाळा, तर उत्तर ठरलेलं, "ठोकल्याशिवाय कळत नाही."

दुसरं पालुपद, "गार होऊ दे." चहा दिला की गार होऊ दे. वाद पेटला की गार होऊ दे. माझा नवरा रागारागात नोकरीचा राजीनामा लिहायला बसला होता, त्यालाही हेच सांगितलं. तो अजून त्याच नोकरीत आहे.

काका पुण्याच्या तांबट आळीतले. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे तांब्याची भांडी घडवणारे. काका मात्र डिप्लोमा करून पाइपांच्या कामात शिरले आणि आखातात, कतारला आले. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी सुरू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या अल थुमामात, घराच्या गच्चीवरून दिसेल एवढ्या अंतरावर, स्टेडियम उभं राहत होतं. त्याला गार ठेवण्यासाठी जे मैलोगणती पाइप टाकत होते त्यांच्या तपासणीवर काका होते. हजारो माणसांना गारवा देणारा हा माणूस स्वतःच्या घरात एसी लावायचा नाही. काकू पदरानं वारा घेत सांगायच्या, "सगळा गारवा तिकडे देऊन येतात, घरी काही उरत नाही."

मी इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. त्यामुळे काका मला 'बाई' म्हणतात आणि माझ्या मताला किंमत देतात. माझ्या घरात हे करणारं दुसरं कुणी नाही, हेही सांगून टाकते.

तर एक दिवस साइटवर काकांनी एका पाइपला ठोकलं आणि म्हणाले, यात काहीतरी आहे. मशीननं तपासून झालेलं, कागदावर सह्या झालेल्या. काका हटून बसले. शेवटी जोड उघडला तर आतून कुणाचा तरी हातमोजा निघाला! सगळे हसले. एक माणूस हसला नाही. तो रॉस. उंच, लालबुंद, काकांहून दहाएक वर्षांनी लहान असलेला स्कॉटिश इंजिनियर. तो काकांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझा बाप अगदी असंच करतो."

इथून ती दोस्ती सुरू झाली. रॉसचा बाप गावातल्या व्हिस्कीच्या भट्टीवर होता. मोठी नामांकित भट्टी. रॉस शाळेत असताना ती बंद पडली, भांडी भंगारात गेली, इमारतीत गुरांचा चारा भरला. आता इतक्या वर्षांनी गावकऱ्यांनी एकत्र येऊन ती पुन्हा उभी केली होती. झरा तोच, जव तेच, तांब्याचे हंडे जुन्या नकाशाबरहुकूम घडवलेले. पण दारू तशी उतरेना. जुनी जाड होती, जिभेला धरून बसायची. नवी पातळ. रॉसचा बाप नव्वदीला टेकलेला, त्या जुन्या भट्टीवरचा जिवंत राहिलेला शेवटचा माणूस. दर वेळी त्याला घोटभर देत, आणि दर वेळी तो एकच सांगे, "चांगली आहे. पण आपली नाही."

"आणि तो गेला," रॉस म्हणाला, "की हो म्हणणारंही कुणी राहणार नाही."

काकांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "वाफ गार कशी करता?"

हंड्यातली वाफ तांब्याच्या नळीतून जाते. नळीचं वेटोळं लाकडी पिंपातल्या गार पाण्यात बुडवलेलं असतं, वाफ त्यात फिरत फिरत खाली येते आणि थेंब होऊन पडते. शाळेत मी हेच काचेच्या नळीत दाखवते. जुनं वेटोळं भंगारात गेलेलं, त्याचा नकाशा नाही. नव्यानं कारखान्यातून मागवलं होतं, वरपासून खालपर्यंत एकाच मापाचं.

काका त्या संध्याकाळी थेट माझ्याकडे आले. डोळे चमकत होते. "बाई, चूक सापडली! वाफ वर लठ्ठ असते, खाली येईतो पाणी होऊन रोड होते. मग तिच्या अंगाचा अंगरखा नको? नळी वर रुंद, खाली निमुळती हवी. आमचे वडील, अण्णा, वैद्यांना अर्क काढायचं यंत्र करून द्यायचे, ते असंच असायचं. हे लोक तिला सरळसोट बोगद्यातून नेतायत. तांब्याला नको तितकं घासतंय ते. भांडं घासून चकचकीत झालं, पण खमंगपणा गेला!"

खरं सांगते, माझ्या डिग्रीला हे सुचलं नसतं. तांबं वाफेतला जडपणा शोषून घेतं, जितकी जास्त घसट तितकी दारू हलकी, हे मला पुस्तकातून पटवून घ्यावं लागलं. काकांना ते अण्णांकडून आलेलं होतं.

आमच्या मराठी मंडळात मात्र कुजबुज सुरू झाली. एकादशी करणारा माणूस, कधी सोडावॉटरसुद्धा बाटलीतून न पिणारा, आणि गोऱ्यांना दारू गाळायला शिकवतोय! तीही कतारमध्ये! अथर्वशीर्षाच्या पठणानंतर एका गृहस्थांनी तोंडावर विचारलंच. काका म्हणाले, "मी दारू करत नाही, नळी करतोय. तुम्ही बँकेत आहात म्हणून नोटा छापता का?" गृहस्थ प्रसाद घेऊन मुकाट्यानं चपला शोधायला गेले.

पण निमुळती म्हणजे किती निमुळती? रॉसकडे एक जुना फोटो होता. पिंपाशेजारी उभा त्याचा तरुण बाप, मागे नळीचं वरचं तोंड जेमतेम दिसतंय. इंजिनियर लोक फोटोवर पट्टी लावून बसले. काका म्हणाले, "रॉस, बापाला फोन लाव. विचार, वरचं तोंड किती विती आणि खालचं किती बोटं?"

रॉसला कळेना. तांबट माणूस माप हातानं घेतो. वीत, चार बोटं, मूठ. ज्या माणसानं वीस वर्षं ती नळी पुसली, तपासली, त्याच्या हाताला माप ठाऊक असणारच, असं काकांचं म्हणणं. रॉसनं फोन लावला. म्हातारा म्हणे ओरडलाच, "तीन वर्षं झाली, शहाण्यासारखा प्रश्न पहिल्यांदा विचारलात!" वरच्या तोंडावर त्याच्या दोन विती आडव्या बसायच्या. खालच्या तोंडात चार बोटं, अंगठा बाहेर. आणि वेटोळे सात, नव्या नळीला होते तसे अकरा नव्हेत.

मला कसला अभिमान वाटला सांगू! दोन विती आणि चार बोटं. आमच्या तांबट आळीतलं माप स्कॉटलंडात चाललं!

काकांनी आधी नमुना करायचं ठरवलं, खऱ्याच्या आठव्या भागाएवढा. काकूंच्या स्वयंपाकघराच्या खणात, डावांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला अण्णांचा मठारायचा, म्हणजे ठोके देऊन भांडं पक्कं करायचा, हातोडा होता. इतकी वर्षं तो नुसता पडून होता. तो निघाला. शुक्रवारी सुट्टी. मजुरांच्या कंपनी बसमध्ये बसून काका इंडस्ट्रियल एरियात जायचे आणि एका गॅरेजच्या कोपऱ्यात पत्रा वळवून ठोकायचे. निमुळती नळी वाकवताना चेपून जाऊ नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरावी लागते. कतारमध्ये वाळूला काय तोटा! काका म्हणाले, "अख्ख्या जन्मात पहिल्यांदा माल फुकट मिळाला." मजूर भोवती जमून बघायचे आणि दर ठोक्याला माना डोलवायचे.

नमुना झाला, आणि चाचणी माझ्या स्वयंपाकघरात. दारू तर नाहीच, मग अर्क कशाचा? ओव्याचा. दोन नळ्या, एक बाजारची सरळ, एक काकांची. एकाच पातेल्यातल्या ओव्याचा अर्क आधी हिच्यातून, मग तिच्यातून. मी वास घेऊन सांगायचं.

"दोन्ही सारखेच," मी म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. "नीट घ्या, बाई."

"काका, मी केमिस्ट्रीची आहे. दोन्ही पातळ, दोन्ही शाळेच्या दवाखान्यासारखे."

एवढ्यात बेल वाजली. दारात नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार. जिन्यात सगळीकडे वास पसरला होता. त्यानं आत डोकावलं. गॅसवर तांब्याचं भांडं, त्यातून निघालेली वेटोळ्याची नळी, खाली बाटलीत थेंब थेंब. त्याचे डोळे विस्फारले. "मॅडम, ये... ये इधर नहीं चलेगा. मेरी नौकरी जाएगी!"

शाळेतली मास्तरीण भट्टी लावताना पकडली, हे मथळे मला दिसायला लागले. काकांनी शांतपणे चमचाभर अर्क त्याच्यापुढे धरला. "पेट में गॅस होता है?" त्याला होत होता. त्यानं बिचकत बिचकत घेतला, क्षणभर थांबला आणि असा खणखणीत ढेकर दिला की शेजारचं दार उघडलं. "शुक्रन, अंकल! खलास! एकदम खलास!" त्यानंतर तो दर शुक्रवारी बाटली घेऊन यायला लागला.

तो गेल्यावर काका ओट्याला टेकून उभे राहिले. स्वतःच्या हाताकडे बघितलं. पंजा पसरला, मिटला. मग कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! दोन विती त्या म्हाताऱ्याच्या! मी माझ्या घेतल्या! नळी बारीक झाली, घसट होती तेवढीच राहिली!"

काका पाच फूट दोन इंच. त्यांची वीत माझ्या लेकीच्या वितीएवढी. अण्णांनी शिकवलेलं बोटांत इतकं मुरलेलं की वीत म्हटलं की स्वतःचीच, हे डोक्यात पक्कं. रॉसच्या बापाचा हात कसला असणार, रॉसला बघूनच कळत होतं. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. काकूंना कळल्यावर त्या म्हणाल्या, "नशीब, स्टेडियम विती मोजून नाही बांधलं."

मग रॉसनं बापाला कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं कडा काढून पाठवायला सांगितलं. पाकीट आलं. केवढा पंजा! बोटं जाडजूड, म्हातारपणानं वाकडी झालेली, करंगळीपाशी रेघ थरथरलेली. काकांनी तो कागद देवांच्या फळीशेजारी चिकटवला. मी अर्काची बाटली परत द्यायला गेले तेव्हा ते त्या पंजावर आपला पंजा ठेवून उभे होते. मला बघून हात काढून घेतला आणि म्हणाले, "मोजत होतो."

दुसरा नमुना झाला, आणि या वेळी मला सांगावं लागलं नाही, लेकच धावत आली, "आई, हू इज मेकिंग चकली?" अर्क जड होता, बोटाला तेलासारखा लागत होता. मी काकांना म्हटलं, "काका, आला!" त्यांनी विचारलं, "कसा आहे? नीट सांगा." मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी वैतागले. "अहो, स्वतः घ्या की वास! एवढी नळी तुम्ही घडवली!" ते हसले आणि बाटलीला बूच लावलं.

नमुना आणि काकांनी काढलेला नकाशा स्कॉटलंडला गेला. तिथला तांबट मोठी नळी घडवणार होता. आणि नेमका कोरोना आला. विमानं बंद, भट्टी बंद, म्हातारा घरात कोंडलेला. काका रोज रॉसला एकच विचारायचे, "बाबा कसे आहेत?" स्वतःच्या भावाची एवढी चौकशी केली नसेल.

त्याच काळात एक भलताच प्रकार झाला. साइटवर जाण्यापूर्वी नर्स सगळ्यांना प्रश्न विचारायची. ताप? नाही. खोकला? नाही. वास येतो का? काका म्हणाले, "नाही." नर्स दचकली. "कधीपासून?" काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "चौथीपासून."

खोटं बोलायला येत नाही ना! चौदा दिवस एका खोलीत बंद. ना ताप, ना सर्दी, रोज दोन वेळा डबा आणि समोर भिंत. तिथल्या पलंगाचा लोखंडी पाय आतून गंजलाय, हेही त्यांनी ठोकून शोधून काढलं.

फोनवर मी विचारलं, "काका, चौथीपासून म्हणजे?"

"अण्णांच्या दुकानात तेजाबाची बरणी फुटली, बाई. मी वाकून बघत होतो. धूर नाकात गेला तो गेलाच. तेव्हापासून कशाचाच वास नाही." आवाज अगदी नेहमीसारखा. "अण्णांनी मला पुन्हा भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. मठारायला तेवढं बसवायचे, बाकी शाळा. पण नवं भांडं झालं की माझ्या कानाशी आणून वाजवायचे. म्हणायचे, नाक गेलं तर गेलं, तुला कान आहेत. ऐक. म्हातारे होईतो वाजवत राहिले."

जो वास या माणसाला कधी येणार नव्हता आणि जी चव तो कधी घेणार नव्हता, तिच्यासाठी तो दोन वर्षं झटत होता. आणि मी त्याच्यावर ओरडले होते, स्वतः घ्या की वास म्हणून. मी माफी मागितली. काका म्हणाले, "गार होऊ दे, बाई. तुमचं नाक होतं म्हणून तर जमलं."

वर्ल्ड कपला काही महिने उरले होते. स्टेडियममध्ये गार हवा खेळायला लागली होती, काकांचं काम संपत आलं होतं. रॉस सुट्टीवर गावी गेला आणि एका शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मोठी नळी बसली होती, पहिली धार निघाली होती. तिची व्हिस्की व्हायला पिंपात वर्षं जावी लागतात, पण ओळख पहिल्या धारेतच पटते.

काका, काकू आणि मी फोनभोवती. पडद्यावर लाकडी पिंप, बाजूला चाकाच्या खुर्चीत म्हातारा, गुडघ्यावर घोंगडं. रॉसनं पेला हातात दिला. तो मोठा वाकडा पंजा मी लगेच ओळखला. म्हाताऱ्यानं पेला नाकाशी धरला. धरूनच राहिला. मग घोट घेतला आणि डोळे मिटले. काकूंनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

तो काहीतरी बोलला, पण त्याचं इंग्रजी आमच्या डोक्यावरून गेलं. रॉसला विचारावं तर त्याचा चेहरा रडवेला झालेला. "डॅड म्हणतोय," त्यानं कसंबसं सांगितलं, "आपली आहे."

म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे घ्यायला लावली, पाण्याबाहेर आलेल्या नळीच्या तोंडावर बोटाच्या पेरानं ठोकलं, आणि फोन जवळ आणायची खूण केली. पुन्हा ठोकलं. जाड, लांब टिकणारा आवाज आमच्या अल थुमामातल्या खोलीत आला. काकांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मग उठले, देवांपुढचा अण्णांच्या हातचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि रिकामा तांब्या फोनपाशी धरून एकदा वाजवला. म्हातारा खदखदून हसला, मग बाहीनं डोळे पुसायला लागला. इकडे आमच्यातही डोळे कोरडे कुणाचे नव्हते.

कॉल संपला. काका तांब्या मांडीवर घेऊन बसले. मग मला म्हणाले, "बाई, कसा असेल हो त्या धारेचा वास?"

मी काय सांगणार? मी तरी कुठे व्हिस्की बघितलीय!

काकूच बोलल्या. "लग्न होऊन आले तेव्हा अण्णांच्या दुकानात पाया पडायला गेले होते ना. कोळसा, तापलेलं तांबं आणि घासायची चिंच. तसाच असणार, दुसरा कसला?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "तो आठवतोय मला," ते म्हणाले. "तो एकच आठवतोय." आणि समोरचा केव्हाचा गार झालेला चहा उचलून एका दमात पिऊन टाकला.